घंटेचं वेगळं नेटवर्क

माझ्या नवऱ्याच्या घरात एकच सोवळं होतं, त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपचं. धायरीची जमीन बिल्डरला गेली, गोठ्याच्या जागी आमचा फ्लॅट आला, तरी साईनाथची राखणदारी सुटली नाही. जुन्या कॉम्प्युटरवर त्याने ओपन सोर्स फायरवॉल बसवली होती. तिच्या परवानगीशिवाय घरातून इंटरनेटवर काही जायचं नाही.

सासूबाईंना चक्कर यायला लागल्यावर त्याने त्यांच्या गळ्यात एक बटण अडकवलं. दाबलं की त्याच्या फोनवर घंटा. पण ही स्वस्तातली वस्तू लॅपटॉपच्या पंगतीला कशी बसवायची? म्हणून रविवारी तिच्यासाठी वेगळं नेटवर्क उभं केलं. नव्या नेटवर्कला नियम लिहून देईपर्यंत बाहेरची वाट बंदच असते. चाचणीपुरता त्याने सगळं मोकळं सोडणारा नियम घातला. आईंनी बटण दाबलं, फोन खणखणला.

"वाजलं की रं!" त्या हरखून म्हणाल्या.

सोमवारी निघण्याआधी त्याने तो नियम पुसला. चाचणीचं काही मागे ठेवायचं नाही, ही ऑफिसची शिस्त. आता फक्त घंटेपुरता नियम लिहायचा, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलतच तो बूट घालायला लागला.

"घंटा चालू आहे ना?" मी विचारलं. फोन कानाला लावूनच त्याने मान डोलावली. मी लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायला गेले, तो हिंजवडीला. दिवसभर घंटा वाजली नाही, म्हणजे घरी सगळं ठीक, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या सापडल्या. उजवं अंग गेलं होतं. बटण डाव्या मुठीत होतं.

हॉस्पिटलात जीभ जराशी सुटल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "लई येळा दाबलं रं मी. कामात व्हतास न्हवं?"

साईनाथ रडत रडत सगळं सांगू लागला. वेगळं नेटवर्क, पुसलेला नियम, ऑफिसचा फोन. "आई, घंटा माझ्यापर्यंत आलीच नाही गं!" तो अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. मला त्याचा संताप येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

आईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "नोकरी हाय. बोलावलं की लगीच यायला जमतंय व्हय?"