रावुण्णी माषांचं वजन

रावुण्णी माषांनी खडू वर फेकला आणि तो खाली यायच्या आत हवेतच पकडला.

"समजा," मूठ तशीच वर धरून ते म्हणाले, "हा खाली आलाच नाही. समजा, आत्ता या क्षणी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं. काय होईल?"

काय होईल ते चेरुकुळमच्या वाचनालयात बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. माष, म्हणजे मास्तर, शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते तेव्हापासून दरवर्षी हे व्याख्यान व्हायचं. निवृत्तीनंतरही ते थांबलं नाही, आणि गावही कथकलीला जावं तसं न चुकता ऐकायला यायचं. गोष्ट माहीत असते, पण यंदा राक्षस कसा मरतो ते बघायचं असतं. यंदा गर्दी जरा जास्तच होती. मध्यंतरी माषांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि माणूस पूर्वीसारखा ओरडू शकतो की नाही याबद्दल गावात दोन मतं होती.

माष उत्तम ओरडत होते. त्यांनी आधी बाकं उचलली, मग बाकांवरची माणसं.

"बाणासारखे नाही सुटणार आपण. हळूहळू. आधी पाय सुटतील, मग डोकं कौलांना लागेल. पण कौलं तरी कुठली थांबायला? तीही निघालेली. मागोमाग विहिरी, नदी, समुद्र. हवा तर कधीच गेलेली. शेवटी ही पृथ्वीसुद्धा एकत्र राहायची नाही. तिला तरी कोण धरून ठेवणार?"

"माष, मी त्या वेळी माडावर असलो तर?" ताडी काढणाऱ्या चात्तूने विचारलं.

"तर तुझे उतरायचे कष्ट वाचले."

"आणि माझा चहा?" हा मोयदू. वाचनालयासमोरच त्याची टपरी होती, आणि हातभर उंचीवरून चहाची धार ओढण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"वरच्या पेल्यातून खाली येणारच नाही."

"मग गिऱ्हाइकाने वर जाऊन प्यावा," मोयदू म्हणाला. "आपण काही पेला खाली आणायचे नाही."

सगळे हसले, माषही हसले, आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सौदामिनी उभी राहिली. सौदामिनी म्हणजे माषांची बायको. इतक्या वर्षांत तिने व्याख्यानात एकही प्रश्न विचारला नव्हता. जे काय विचारायचं ते ती घरी विचारत असे, आणि तिथे उत्तरं देताना माषांचा आवाज एवढा चढत नसे.

"तुलाभाराचं काय होईल?" तिने विचारलं.

माषांचा चेहरा उजळला. असा मुद्दा हातात आयता यावा, तोही घरातून!

"शाब्बास! देवळातला तो मोठा तराजू आठवा. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात केळी. गुरुत्वाकर्षण गेलं की वजनच उरलं नाही. मग एका पारड्यात हत्ती बसवा आणि दुसऱ्यात एक केळं ठेवा, तराजू ढिम्म हलणार नाही. म्हणजे देवाला तुम्ही जे मोठ्या भक्तीने तोलून देता ना, ते तुमचं नव्हेच. ते पृथ्वीचं. ती कधीही काढून घेईल."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी सुकुमारनची. तो शास्त्र मंडळाचा सेक्रेटरी होता, माष अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांच्या प्रत्येक वाक्याला टाळी देणं हे तो कामाचाच भाग समजत असे.

सौदामिनी टाळ्या थांबेपर्यंत उभीच राहिली.

"मग ते आहे तोवर उरकून घेऊ या," ती म्हणाली. "तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर होतात तेव्हा मी नवस बोललेय. तुमच्या वजनाइतकी कदळी केळी. श्रीकृष्णाला."

असा हशा त्या वाचनालयात कधी पिकला नव्हता. चात्तू तर बाकावरून खाली पडला, अगदी नियमाप्रमाणे.

घरी जाताना माष चार पावलं पुढे चालत होते. फाटकाशी आल्यावर त्यांनी वळून विचारलं, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"घरात सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"आत्ता तरी कुठे ऐकतोय? अगं, आपलं लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं. वऱ्हाडाला चहा आणि फरसाण दिलं. माझी आई आठ दिवस जेवली नाही, तरी मी देवळाची पायरी चढलो नाही. आणि आता उघड्या अंगाने तराजूत बसू? ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, सौदामिनी. रक्त चौघांनी दिलं. त्यातलं एक तर मोयदूचं."

"डॉक्टरांना आपण फणस नेऊन दिले. त्या चौघांना घरी बोलावून पायसम वाढलं. ज्याच्याकडे मी मागितलं त्याला काय दिलं?"

याला शास्त्रात उत्तर होतं, पण माष दमले होते. दुसऱ्या दिवशी न्याहारीला ते तोडगा घेऊनच बसले.

"हे बघ, माझं वजन अठ्ठावन्न किलो. तेवढी केळी बाजारात तोलून घे आणि दे पाठवून. वजनाला वजन. त्यात मी कशाला हवा?"

सौदामिनीने त्यांच्या तांदळाच्या पुट्टूवर हरभऱ्याचं कालवण घातलं.

"मग ऑपरेशनलाही तुमचं नुसतं वजनच पाठवायचं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने विषय काढला नाही. रुसली नाही, उपास धरला नाही, नातेवाईक मध्ये घातले नाहीत. या सगळ्यांशी लढायची माषांची जय्यत तयारी होती, ती फुकट गेली. गावाने मात्र विषय सोडला नव्हता. मोयदू चहा देताना आधी त्यांना आपादमस्तक न्याहाळायचा आणि मग म्हणायचा, "साखर कमी घालतो, माष. केळी महाग आहेत." सुकुमारन वेगळाच धास्तावला होता. मंडळाचं जिल्हा अधिवेशन महिन्यावर आलं होतं आणि उद्घाटनाचं भाषण माषांचं होतं. "तुम्ही असं काही करणार नाही ना?" तो रोज एकदा येऊन विचारायचा, आणि माष रोज एकदा त्याच्यावर डाफरायचे.

मग एका दुपारी असं झालं. माष जेवून आरामखुर्चीत पडले होते. डुलकी लागली असावी. डोळे उघडले तर सौदामिनी समोर उभी. एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धा सोललेला सुरण, आणि नजर त्यांच्या छातीवर खिळलेली. श्वासागणिक सदरा वर होतोय, खाली होतोय, ते ती बघत होती.

"काय बघतेस?"

"काही नाही. माश्या फार झाल्यात," ती म्हणाली आणि आत गेली.

खोलीत एकही माशी नव्हती. माषांच्या लक्षात आलं : हॉस्पिटलातून येऊन इतके महिने झाले, आपण बरे झालो, गावभर ओरडत हिंडलो, आणि ही बाई अजून त्या ऑपरेशनच्या दाराबाहेरच बसून आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली. ती कुणाला दाखवायची सवय नसल्यामुळे त्यांनी संध्याकाळी सुकुमारनला बोलावून फर्मान काढलं.

"शनिवारी सकाळी देवळात प्रात्यक्षिक आहे. तराजू, समतोल आणि गुरुत्वाकर्षण."

"देवळात?" सुकुमारनचा आवाज चिरकला.

"तराजू देवळातच आहे. रेशनच्या दुकानातल्यात मी मावत नाही."

सुकुमारनला हे पटलं नाही, पण पटवून घेतलं. त्याने देवळासमोरच्या वडाला फलक टांगला : 'शास्त्र मंडळातर्फे जाहीर प्रात्यक्षिक'. दुसऱ्या दिवशी देवस्थान समितीने त्याच वडाला दुसऱ्या अंगाने फलक टांगला : 'सुप्रसिद्ध नास्तिक रावुण्णी माष यांचा तुलाभार. सर्वांनी उपस्थित राहावे'. शनिवारी दोन्ही फलक वाचून आलेली माणसं मिळून एवढी जत्रा जमली की मोयदूने टपरीच उचलून देवळाच्या दाराबाहेर आणली. तो मुसलमान, त्याला देवळात यायची मुभा नव्हती. तो बाकड्यावर उभा राहून भिंतीवरून डोकावत होता.

माष देवळाच्या रिवाजाप्रमाणे सदरा काढून, नुसतं मुंडू नेसून आत आले. छातीच्या मधोमध वरून खालपर्यंत गेलेला शिवणीचा व्रण गावाने पहिल्यांदाच पाहिला.

तराजू सभामंडपाच्या तुळईला टांगला होता. तो सांभाळणारा शेखरन वारियर हा माषांचा जुना विद्यार्थी, नववीत भौतिकशास्त्रात दोनदा आपटलेला. त्याने या दिवसाची वाट पाहिली असावी.

"बसा माष," तो म्हणाला. "मांडी नीट घाला. हलायचं नाही. मध्ये बोलायचं नाही."

"मी बोलणारच," माष म्हणाले आणि पारड्यात बसले. पारडं फरशीला टेकलेलं होतं. समोरच्या रिकाम्या पारड्याकडे बोट करून त्यांनी आवाज लावला. "मित्रहो, इथे कोणताही चमत्कार घडणार नाही. पृथ्वी मला ओढते आहे. ती केळ्यांनाही ओढेल. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की हा दांडा आडवा होईल. देव असो वा नसो, होईल!"

"बरोबर!" सुकुमारन ओरडला.

"गोविंदा!" दुसऱ्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

वारियरने एकामागून एक घड ठेवायला सुरुवात केली. पिवळीधमक, बोटाएवढी कदळी केळी. त्यांचा गोड वास मंडपभर पसरला. माष तरफेचा नियम सांगून आर्किमिडीजवर आले. घड चढत होते. साखळ्या करकरल्या. सौदामिनी दोरीपलीकडे बायकांमध्ये हात जोडून उभी होती.

"म्हणून मित्रहो, वजन ही वस्तूची मालमत्ता नाही. वजन म्हणजे..."

वारियरने आणखी एक घड ठेवला, आणि पारडं फरशीवरून सुटलं.

फार नाही, वीतभर. पण खाली काही नव्हतं. पारडं किंचित डावीकडे गेलं, किंचित उजवीकडे आलं. माषांचे दोन्ही हात आपोआप साखळ्यांवर गेले आणि घट्ट आवळले.

इतकी वर्षं त्यांनी दरसाल अख्ख्या गावाला जमिनीवरून उचललं होतं. स्वतः ते कधी झोपाळ्यावरही बसले नव्हते. त्यांना भोवळ यायची. हे कुणाला माहीत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती, कारण त्यांनी ती डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. भूल चढताना खालचं टेबल असंच निघून गेलं होतं. खाली काही नाही, वर काही नाही, आणि आपण एकटेच चाललोय.  एक हाक मारायची होती, पण तोंडावर मास्क होता.

"माष," सुकुमारन हळूच म्हणाला, "वजन म्हणजे काय?"

गर्दी वाट बघत होती. भिंतीवरून मोयदूही वाट बघत होता. 

"सौदामिनी," ते म्हणाले.

व्याख्यानाचा आवाज नव्हता तो. पहिल्या रांगेलाही जेमतेम ऐकू गेला. पण ती दोरीखालून वाकून आली, कुणाला काही न विचारता पारड्याशी उभी राहिली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"आहे मी," ती म्हणाली. "धरलंय."

पारडं डुलायचं थांबलं आणि हळूच खाली जाऊन फरशीला टेकलं.

वारियर गडबडला. "अम्मा, हात काढा. असं चालत नाही. वजन चुकतंय."

"खरंच चुकतंय, माष," सुकुमारन म्हणाला. दोन फलकांच्या माणसांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. "असं मोजमाप शास्त्रीय नाही."

सौदामिनी ओशाळली. तिने हात उचलला. माषांनी साखळीवरची एक मूठ सोडवली आणि तो हात पकडून पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "शेखरा, केळी वाढव."

"माष, कुठवर वाढवू? अम्मा दाबून धरतायत."

"लागतील तितकी वाढव."

टोपलीतले घड संपले होते. वारियर आणखी आणायला कोठीकडे पळाला, आणि तो परत येईपर्यंत दोघं तशीच थांबली.