आप्पांची पेन्शन

आप्पांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा लेकाच्या, विश्वजितच्या हातावर ठेवला.

"सुटलो बाबा एकदाचा. हौसेरावला आज सांगून आलो, एक तारखेपास्नं टोळीत दुसरा मानूस बघ म्हनून."

हौसेराव म्हणजे वाशीच्या मार्केटातल्या त्यांच्या हमालांच्या टोळीचा मुकादम. आप्पांनी पस्तीस वर्षं तिथं कांद्याबटाट्याची पोती वाहिली. गेल्या महिन्यात साठी भरली, आणि मान आता डावीकडे वळायचं नाव घेत नव्हती.

"आता पेन्शन कदी सुरू व्हनार? फारम भरायचा आसंल न्हवं?"

विश्वजितचा पेढा हातातच राहिला.

माथाडीचा फंड धाकट्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नात संपला, तेव्हा आप्पांनीच विषय काढला होता. म्हातारपणी पोराच्या तोंडाकडं बघायला नको, मला त्या पेन्शनीत घाल. तेव्हापासून सहा वर्षं ते दरमहा चार हजार लेकाच्या हातात आणून ठेवत. लेकानं पेन्शन योजनेत खातं काढलं खरं, पण स्वतःच्या नावावर. आप्पांना कुठला आलाय टॅक्स? आपल्या नावावर भरले तर पन्नास हजारांपर्यंत जादा वजावट, वर्षाला चांगला चौदा-पंधरा हजार टॅक्स वाचतो. पैसा घरातलाच, नाव कुणाचं का असेना! पुढं उलव्याच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झाला. वाचलेला टॅक्स कुठं मुरला ते कळलंसुद्धा नाही, आणि आप्पांना सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, जीभच रेटली नाही.

"आप्पा, खातं माझ्या नावावर आहे."

"बरं मग? तुज्या नावानं येऊ दे."

"तसं नाही होत. माझी साठी होईपर्यंत पैसे अडकलेत. टॅक्स वाचेल म्हणून मी... चुकलं माझं, आप्पा."

विश्वजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी एक मुस्काटात ठेवून द्यावी, असं त्याला मनापासून वाटलं.

"मी देतो ना तुम्हाला. दर महिन्याला, चार हजार."

"हप्ता भरताना तुजी काय तऱ्हा व्हतीया, त्ये दिसतंय मला." आप्पांनी पुडा पुन्हा बांधायला घेतला. "तुला साठीला मिळत्याल, ह्ये नक्की न्हवं?"

"हो."

"मग झालं तर."

ते गॅलरीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं फोनवरचा शब्द न् शब्द आत येत होता.

"हौसेराव, माज्या जागी कुनाला घेतलं न्हाईस न्हवं? मग नगं घिऊस... आरं न्हाई, तसं काय बी न्हाई. पोरगं तर म्हनतंय, आप्पा, आता बसून खावा. मलाच घरात करमत न्हाई."