घटिकादेवीच्या पायाखालची सुपारी

कर्जतमध्ये श्रीमंत पाटलांच्या ओसरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर घटिकादेवी विराजमान होती. देवी म्हणजे थोरल्या पाटलांनी नगरच्या एका साहेबाच्या लिलावात घेतलेलं फ्रेंच घड्याळ. तबकडीवर कोपर टेकून बसलेली सोनेरी मुलाम्याची बाई, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. कर्जतकरांचं कल्याण करायलाच तिने फ्रान्स देशी अवतार घेतला, हे १९४६ साली गावात कौल लावणाऱ्या रंगनाथ महाराजांच्या ध्यानात आलं होतं. भूत-भविष्य जाणणारी ही देवी रोज अर्धा तास मागे पडायची, म्हणून नगरहून याकोब घड्याळजीला बोलावलं होतं.

याकोब हत्यारं काढू लागला, तसा महाराजांनी हात आडवा केला.

"आदी कौल! मग तुमचं तेलपानी."

कौल होता पाटलांच्या नव्या सुनेचा. अंबिका घरात आल्यापासून महिन्यात दोन म्हशी मेल्या, म्हणून सासू गोजरबाईंनी तिला पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. देवी थांबली, तर अंबिकेने आजच माहेरी अकोल्याला जायचं, कायमचं. पोर खांबाला टेकून उभी होती.

महाराजांनी फुलांच्या राशीखाली अर्धी सुपारी सारली, मोरपिसाने लंबकाला झोका दिला आणि डोळे मिटले. "माय, हिचं पाऊल शुभ हाय का?"

घड्याळ लंगडत चाललं आणि थांबलं. गोजरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

याकोबचे कान मात्र टवकारले. वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला ती लंगडी टिकटिक ओळखीची होती.

"महाराज, आता तुमचाही कौल लावू या," तो म्हणाला.

"आमचा? आमी सिद्ध हाओत!"

"मग भ्यायचं कशाला?"

लोक हसले. याकोबने बोटाने लंबक हलवला. घड्याळ पुन्हा लंगडलं, पुन्हा थांबलं.

"आरं तिच्या, म्हाराजबी पांढऱ्या पायाचं!" मागून कोणी ओरडलं.

याकोबने फुलं बाजूला केली. घड्याळाच्या एका पायाखाली अर्धी सुपारी होती. ती काढून त्याने लंबकाला झोका दिला. टिकटिक एकसारखी सुरू झाली.

"लंबकाचं घड्याळ सपाट बसावं लागतं. कललं की झोके लंगडतात आणि ते बंद पडतं. सून असो की महाराज."

महाराज झोळी आवरू लागले. याकोबने घड्याळाची पाठ उघडून दाखवली. पत्र्यावर पॅरिसच्या कारागिराने आपलं नाव कोरलं होतं.

"यंत्र याने केलं. या बाईला सोनं चढवणारे कारागीर वेगळे. सोनं पाऱ्यात कालवून ते तापवायचे; त्या वाफेने त्यांचे दात गळायचे, हात थरथरायचे. एवढं सोसून त्यांनी वेळ सांगणारी वस्तू घडवली. तिला वेळच विचारा. माणसाचा निवाडा आपल्या अकलेने करा."

पाटील ओशाळले. "जा पोरी, आत जा. झालं गेलं इसरून जा."

अंबिका जागची हलली नाही.

"मामंजी, म्हशी कशानं मेल्या ते गुरांच्या डाक्टरला इचारा. आन माझ्याबद्दल काय इचारायचं आसंल, ते मला इचारा. मला त्वांड हाय."