पिंप रिकामं परत जात नाही

मी एक जुनं निळं पिंप आहे. उंचीला टँटी मर्लच्या खांद्याइतकं आणि घेराला साधारण टँटी मर्लइतकंच, पण हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. माझ्या झाकणाची कडी गंजली आहे. पोटाला एक चीर गेली आहे, तिच्यावर डांबर थापलं आहे. तरी मित्रांनो, मी अजून कामावर आहे. माझ्या गोष्टीतलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. तेव्हा बसा, ऐका.

माझा जन्म एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकमध्ये वाऱ्याची एक फुंकर मारली, की झालं पिंप तयार. आईची कूस नाही, पाळणा नाही. जन्मताच माझ्या पोटात मिठाच्या पाण्यातली ऑलिव्हची फळं ओतली. त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं, की जग म्हणजे खारट अंधार.

मग मला ब्रुकलिनमध्ये पर्लीनने विकत घेतलं. पर्लीन म्हणजे टँटी मर्लची धाकटी बहीण; टँटी म्हणजे आमच्याकडे मावशी. आमच्या ग्रेनेडा बेटावरून जो कोणी पोटासाठी परदेशी जातो, तो नाताळला घरी पिंप भरून पाठवतो. पर्लीनने वर्षभर मला खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पगार झाला की काही ना काही आत टाकलं. तांदूळ, तेल, बूट, बुटांत मोजे, मोज्यांत चमचे. शेवटी झाकण लागेना, तेव्हा ती वर चढून बसली. आणि निघायच्या आधी, राहिलेल्या सांदीफटीत तिने सुगंधी साबणाच्या वड्या खोचल्या. तांदळाच्या अगदी शेजारी.

चूक लहान, पण उन्हातला प्रवास मोठा. त्या तांदळाने वाटेत साबणाचा सगळा वास पिऊन घेतला. गुयावला, म्हणजे आमच्या कोळ्यांच्या गावी, नाताळला तुरीचे दाणे घालून भात शिजला आणि अख्खी गल्ली जेवायला बसली. त्यानंतर लोकांना उचक्या लागल्या त्या फेसाच्या. चर्चमध्ये पाद्री प्रवचनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तोंडातून एक फुगा निघाला, वर गेला आणि छताला टेकून फुटला. मी स्वतः तिथे नव्हतो, पण जी बादली होती तिनेच मला सांगितलं, आणि बादलीला खोटं बोलून काय मिळणार?

टँटी मर्लने फोन उचलला. "पर्लीन, भात पाठवलास की धुणं?"

"अगं ताई, जागा होती म्हणून..."

"जागा तुझ्या डोक्यातही आहे. तिथे का नाही ठेवलास?"

हा टोमणा पुढे दर रविवारी, दर फोनला, वर्षानुवर्षं चालू राहिला.

रिकाम्या पिंपाच्या नशिबी आमच्याकडे दोनच गोष्टी. एक तर पागोळीखाली उभं राहून पावसाचं पाणी साठवायचं, नाही तर आडवं कापून घेऊन डुकरांची दोन भांडी व्हायचं. मर्लचा भाऊ एलरॉय करवत घेऊन आला. करवतीने माझ्या काठाला पहिला चावाही घेतला. तेवढ्यात फाटकातून मिस यूलाली आत आल्या.

मिस यूलाली निवृत्त शिक्षिका, आणि गुयाव महिला सेवा मंडळाच्या अध्यक्षा. मंडळ म्हणजे पिवळ्या टोप्या घातलेल्या मूठभर बायका. गुरुवारी चर्चमागच्या दालनात जमायचं, चर्चा थोडी करायची आणि खोबऱ्याच्या वड्या जास्त खायच्या. पण मित्रांनो, काम चोख. मुलांना चष्मे द्यायचे, दूरदेशीच्या शाळांसाठी दप्तरं शिवायची, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे शुक्रवारचं जेवण. गावातली एकटी राहणारी म्हातारी माणसं त्या दिवशी दालनात येत, टँटी मर्लच्या हातचं गरम जेवत, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तेवढ्यावरच गप्पा मारत.

"मर्ल, ते पिंप कापू देऊ नकोस," मिस यूलाली म्हणाल्या. "त्याला समुद्रापार जायचंय. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर वादळ झालंय. तिथल्या बरुआली गावच्या महिला मंडळाचं छप्पर उडालं, भांडीकुंडी गेली."

"आणि माझी डुकरं?" एलरॉयने विचारलं.

"तुझी डुकरं ताटात जेवू देत," मर्ल म्हणाली. "तुझ्यापेक्षा नीटच जेवतील."

अशा रीतीने मी समाजसेवेत पडलो. मला भरलं ते टँटी मर्लने, आणि तसं भरणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. जड ते तळाला, फुटकं ते कपड्यांत, आणि साबण वेगळ्या डब्यात, डब्यावर पिशवी, पिशवीवर गाठ. कॅप्टन बोनिफेसच्या मालबोटीवरून मी गेलो. बरुआलीत माझं झाकण उघडलं तेव्हा बायका रडल्या, हसल्या, आणि मग झाकणावरच ताल धरून गायल्या.

काही महिन्यांनी मी परत आलो. पण रिकामा नाही. पोटात आरारूटचं पीठ, पेरूचा मुरंबा, विणलेल्या टोपल्या.

"मिस इझेल्मांनी सांगितलंय," कॅप्टन बोनिफेस म्हणाला, "की भांडं रिकामं परत करायची त्यांच्यात रीत नाही."

मिस इझेल्मा या तिकडच्या अध्यक्षा. मिस यूलालींनी टोपी सारखी केली. "मग आमच्यात आहे की काय?"

झालं. तिथून सुरुवात झाली. इकडून जायफळं आणि कोकोचे गोळे गेले, तर तिकडून दुप्पट आरारूट आलं. इकडून भरतकामाचे टेबलक्लॉथ, तर तिकडून भिंतीवरचं घड्याळ. एकदा तर माझ्यातून एक कोंबडी आली आणि वाटेत तिने अंडी घालून पिल्लंही काढली. जकातीच्या साहेबांनी कागदावर एकच कोंबडी लिहिलेली पाहून पिल्लांना उलट समुद्रात पोहत जायला सांगितलं, असं म्हणतात. मी मात्र खूश होतो. दोन्ही बंदरांवर माझं स्वागत व्हायचं. कौतुकाने पिंपही फुगतं, मित्रांनो.

पण माझ्या पोटात जे येतं, ते कुठल्यातरी पातेल्यातून कमी झालेलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. शुक्रवारचं जेवण पातळ होत चाललं. खारवलेला मासा पिंपात, तांदूळ पिंपात, आणि म्हाताऱ्यांपुढे अळूचं सूप. एका शुक्रवारी म्हाताऱ्या मिस्टर कथबर्टनी चमचा वाडग्यात चारही दिशांनी फिरवला आणि विचारलं, "मर्ल, या सुपात मासा आहे की माशाची आठवण?"

सगळे हसले. टँटी मर्ल हसली नाही. ती हात पुसत सरळ मिस यूलालींकडे गेली.

"मिस यूलाली, हे थांबवा. आपली माणसं पाणी पिऊन चालली आहेत."

"थांबवू कसं? रिकामं पाठवलं तर अपमान. ठेवून घेतलं तर चोरी. इझेल्मा काय म्हणेल?"

"म्हातारे काय म्हणतात ते तर ऐका."

"ऐकलंय गं. रात्रभर तेच ऐकते."

असं दोन्हीकडून अडलं. मग टँटी मर्लने काय करावं? ती स्वतःच बोटीवर चढली. मला भरलं, माझ्या शेजारी बसली, आणि सेंट व्हिन्सेंट येईपर्यंत तिने माझ्या गळ्यात हात टाकून ओकाऱ्या काढल्या. समुद्रकाठी मासे विकून जन्म गेला, पण समुद्रावर बसायची तिला सवय नव्हती.

बरुआलीत मिस इझेल्मा पडवीत बसल्या होत्या. समोर शाळेतली मुलं वाडगे घेऊन उभी होती. टँटी मर्लने एका वाडग्यात डोकावून पाहिलं. आरारूटची पेज इतकी पातळ, की वाडग्याच्या तळाला रंगवलेलं फूल दिसत होतं.

"हे काय, मिस इझेल्मा?"

मिस इझेल्मांनी टोपीने वारा घेतला. "काय सांगू? सगळं आरारूट तुमच्या पिंपात जातं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग आधी टँटी मर्लचं पोट हललं, मग मिस इझेल्मांचे खांदे. हसून हसून दोघी पडवीच्या पायरीवर बसल्या. मुलांना वाटलं, भूक लागली की मोठी माणसं असंच करतात.

"हसलो खरं," मिस इझेल्मा डोळे पुसत म्हणाल्या, "पण भांडं रिकामं कसं परत करायचं?"

टँटी मर्लने माझ्या झाकणावर थाप मारली. मग म्हणाली, "माझी आजी म्हणायची, भांडं रिकामं परत करू नये. पण परतच करावं, असं काही ती म्हणाली नव्हती."

त्याच महिन्यात डोमिनिका बेटावरच्या एका गावात नदीने शाळा धुऊन नेली होती. दोन्ही मंडळांनी मिळून मला एकदाच, बेताने भरलं, आधी बरुआलीत आणि मग गुयावला. पोरांच्या पेजेला हात न लावता, शुक्रवारच्या माशाला हात न लावता. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं: भरून घ्या, जमेल तेव्हा, जमेल तेवढं भरून पुढे द्या, परत नको.

त्या दिवशी मी गुयाव सोडलं. रडू आलं म्हणावं तर पिंपाला डोळे नाहीत, पण तळाशी थोडं पाणी साचलं होतं खरं.

मग मी फिरलो. या बेटावरून त्या बेटावर, एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे. औषधं नेली, बाळांची दुपटी नेली, वह्या नेल्या. काही ठिकाणी माझ्यावर प्रेम झालं, काही ठिकाणी मला पावसात उलटं टाकून विसरले, आणि एका बंदरात माझ्या आत बोकड बांधला होता, तो विषय नको. निळा रंग उडाला. चीर पडली, कोणीतरी डांबर लावलं. गुयाव आता आठवणीपुरतं राहिलं.

आणि मग वादळ गुयाववर आलं.

मी तेव्हा तिथे नव्हतो. नंतर ऐकलं. जायफळाची झाडं मुळासकट आडवी झाली, होड्या रस्त्यावर येऊन बसल्या, मंडळाच्या दालनाचं छप्पर गेलं. टँटी मर्लचं मोठं पातेलं तेवढं वाचलं, कारण ती स्वतः त्याच्यावर बसून राहिली होती. पण पातेल्यात घालायला काही नव्हतं. शुक्रवार तोंडावर आला. इतक्या वर्षांत शुक्रवारचं जेवण पातळ झालं होतं, पण चुकलं कधीच नव्हतं. म्हातारे मात्र विचारत नव्हते, आणि तेच टँटी मर्लला जास्त लागत होतं.

गुरुवारी कॅप्टन बोनिफेसची बोट लागली. त्याने मला धक्क्यावर उतरवलं.

"कोणी पाठवलं?" मिस यूलालींनी विचारलं. त्या आता काठी घेऊन चालत.

"देव जाणे. एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर येत आलंय. कुठल्याशा गावातल्या मुलींनी नवं मंडळ काढलंय म्हणे. त्यांचं हे पहिलंच पिंप."

झाकणावर तेच वाक्य कोणीतरी आपल्या भाषेत पुन्हा रंगवलं होतं. कोणाला वाचता येईना. टँटी मर्लने माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि ते करवतीच्या दातांच्या जुन्या खुणेवर येऊन थांबलं.

"एलरॉय," ती हळूच म्हणाली, "तुझं डुकरांचं भांडं परत आलं बघ."

झाकण उघडलं. वर दुपटी, खाली तांदूळ, घेवड्याच्या बिया. आणि तांदळाच्या पिशव्यांच्या सांदीत, एकेक करून प्रेमाने खोचलेल्या साबणाच्या वड्या.

वास सगळ्या धक्क्यावर पसरला. सगळे टँटी मर्लकडे बघू लागले. एलरॉय तर दोन पावलं मागे सरकला.

टँटी मर्लने एक वडी उचलली, हुंगली, खाली ठेवली. "बघता काय? तांदूळ धुवायला घ्या."

तांदूळ धुतले. पुन्हा धुतले. नदीला फेस आला, पण वास काही गेला नाही. शुक्रवारी, छप्पर नसलेल्या दालनात, आभाळाखाली पंगत बसली. मिस्टर कथबर्टनी पहिला घास घेतला, चावला, विचार केला.

"मर्ल, आज आतून आंघोळ झाली."

"गरज होती तुम्हाला," मर्ल म्हणाली, आणि स्वतःसाठी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पानात शीतही टाकलं नाही.

रविवारी फोन लागला. पलीकडे पर्लीन.

"पर्लीन, तुझा तो भात गं..."

"कुठला? तो? ताई, अजून?"

"चांगला होता."

 पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी दाराशीच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

सध्या मी मर्लच्या अंगणात आहे. मला पुन्हा भरायला घेतलंय, घाई नाही, जमेल तसं. जायफळाची रोपं रुजतायत, तोवर टोपल्या आणि दुपटी. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरामागे एखादं जुनं पिंप असेल तर करवत उचलण्याआधी त्याला विचारा, कुठे जायचंय का. त्यात काही भराल तर आपल्या माणसांचं ताट आधी बघा. आणि कोणाचा भात साबणाचा निघाला, तर मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्या. ज्याने पाठवला, त्याने सांद दिसली तिथे जीव खोचलेला असतो.

पण साबण मात्र वेगळ्या डब्यात. टँटी मर्ल ऐकते आहे.