इस्त्रीआधीचं उत्तर

कठीण प्रश्न विचारणं हा पत्रकाराचा हक्क आहे, हे मला कोणी शिकवू नये. अर्धं आयुष्य मी स्वतः भल्याभल्या खेळाडूंना घाम फोडलाय. आता पोटासाठी टेबलाच्या पलीकडे आहे. एका फुटबॉल संघात पत्रकार परिषदेच्या वेळी माईक फिरवते, आणि त्याआधी कोचला तोंड किती उघडावं ते शिकवते.

आमची एक रीत होती. परिषदेआधी कपडे बदलायच्या खोलीमागच्या बोळात मी पत्रकार व्हायचे आणि कोचला टोचून टोचून प्रश्न विचारायचे. तो आधी खरं काय ते बोलून मोकळा व्हायचा, चार शिव्यांसकट. मग आम्ही दोघं मिळून त्या उत्तराला इस्त्री करायचो. माणूस वाईट नाही, फक्त तोंडाला झाकण नाही.

त्या दिवशी मुलींचा उपांत्य सामना पेनल्टीपर्यंत लांबला, आम्ही हरलो आणि तालमीला वेळच उरला नाही. कोच थेट टेबलावर. शेजारी आमची गोलकीपर, जेमतेम विशीतली पोर. पुढच्या हंगामात तिला ठेवायचं की नाही हे त्याच आठवड्यात ठरणार होतं, आणि ते ठरवणारे दोन महाभाग मागच्या रांगेत बिस्किटं खात बसले होते.

पहिला माईक मानाने काकांकडे. क्रीडा पत्रकारांत सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांचे काका. काकांनी कोचला विचारलं, "सर, पोरींनी काय जिगर दाखवली! काय सांगाल?" सर काय सांगणार, आभार मानले. मग काका पोरीकडे वळले. "इतका सोपा चेंडू हातातून सुटला. चाहत्यांची मान खाली घातलीस. लाज वाटते का?"

मग काय, बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. मऊ लागलं की कोपराने खणायचं, ही जुनीच खोड. पोर दरवेळी "माझी चूक झाली" म्हणत होती आणि टेबलाखाली गुडघा दाबत होती. सकाळी हॉटेलच्या जिन्यावरून ती कठडा धरून आडव्या पावलांनी उतरताना मी पाहिली होती.

माझं डोकं सणकलं. प्रश्न कठीण होते म्हणून नाही हो, चुकीच्या खुर्चीला विचारले जात होते म्हणून. माईक माझ्याच हातात होता.

"सर, तिचा गुडघा सुजलेला असताना तिला का खेळवलं?"

माझा आवाज ऐकला आणि कोच सवयीने सैलावला. "अहो बाई, दुसरी गोलकीपर तापाने झोपलीय, मग गोलात काय स्टूल ठेवू? इंजेक्शन दिलं आणि उभी केली. ती नकोच म्हणत होती. मीच रेटलं." मग खुर्चीत मागे टेकून मला म्हणाला, "हं, आता हे नीट कसं सांगायचं?"

त्याच्यासमोरचा माईक चालू होता. मागच्या रांगेतलं बिस्किट खाणं थांबलं. कोचचा चेहरा पडला आणि माझी नोकरी बहुधा गेली. त्याचं मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण पोरीने मान वर केली होती, त्याचा आनंद जास्त झाला.

काका उखडले, माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "हे काही बरोबर नाही. माणसाला असं बेसावध गाठतात का?"

"तिला तुम्ही आधी कळवून आला होतात वाटतं," मी म्हणाले.

काकांनी माझा नाद सोडला. पुन्हा तिच्याकडेच वळले. "मग हे तू आधीच का नाही सांगितलंस?"

पोरीने माईक जवळ ओढला.

"सांगितलं होतं ना काका. परवा, तुम्हालाच. तुम्ही म्हणालात, ते राहू दे, एक छान हसरा फोटो दे."

 काकांनी माईक माझ्याकडे परत दिला.