पत्र्यातला आत्मा

शाळेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या झग्यातल्या बाबाने तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा उंच धरला, लाल दगडाने खरवडला, 'अश्रूंच्या पाण्यात' भिजवलेल्या कापडाने पुसला आणि पहिल्या रांगेतल्या शिक्षिकेच्या हातावर ठेवला. मिनिटभरात बाईंनी तो टाकूनच दिला, इतका तापला होता. बघता बघता पत्र्यावर राख उगवायला लागली. अख्खा हॉल हुंदके देऊ लागला.

"ऐंशी वर्षं या विमानाच्या पत्र्यात जळत होता बिचारा वैमानिक," बाबा खर्जात म्हणाला. "आज सुटला. राख जिभेवर घ्या, पुण्य लागेल."

आणि लोक घेत होते. वकील, शिक्षिका, औषधांच्या दुकानाचा मालक, सगळे रांगेत उभे राहून राख चाटत होते.

तिसऱ्या रांगेत आपल्या आत्याशेजारी बसलेल्या मेकॅनिकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची उभी हयात विमानदुरुस्तीत गेली होती. मागच्या वर्षी गावाजवळच्या खाणीत महायुद्धातल्या एका विमानाचे अवशेष सापडले, तेव्हापासून ती जुन्या टूथब्रशने चिखल काढून एकेका तुकड्यावर ठोकलेला नंबर शोधत होती. नंबर मिळाला की विमान कळतं आणि विमान कळलं की त्यात कोण बसलं होतं ते लष्कराच्या दप्तरात सापडतं. पण बरेचसे तुकडे लोकांनी आधीच घरी नेले होते आणि आता ते राख व्हायला बाबाकडे येत होते. चाळीस गेले. नंबर असतील तर नंबरांसकट गेले.

एक्केचाळिसावा आत्याच्या मुठीत होता. खाणीतल्या एका मजुराने तिला आणून दिलेली ॲल्युमिनियमची छोटी पाटी, त्यावर सात आकडे. आत्याचा थोरला भाऊ विमानासकट नाहीसा झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता नव्वदीची.

"आत्या, पाटी मला दे. नंबरासकट लष्कराकडे पाठवते, महिन्याभरात उत्तर येईल."

"महिनाभर मी असेन का, ते कोणी सांगावं? हा तर आत्ताच सांगतोय, माझा दादाच आहे म्हणून."

"तो प्रत्येकीला हेच सांगतो. त्या विमानात चार माणसं बसायची, आत्या. चाळीस दादा कुठून आले?"

आत्या काठी टेकत मंचाकडे निघाली. मेकॅनिकबाई तिच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि पिशवीतून एक पोलादी बोल्ट काढला.

"बाबा, आधी हा सोडवा. त्याच विमानाचा आहे, मी स्वतः उकरलाय."

बाबाने तो खरवडला, पुसला, पुन्हा पुसला. बोल्ट ढिम्म.

"याला शांती मिळालेली आहे," बाबा म्हणाला.

"पोलादाला शांती आणि वनवास फक्त ॲल्युमिनियमला?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. तिने रबरी हातमोजे चढवले, पिशवीतून पातेल्याचं झाकण काढलं, बाबाच्याच दगडाने खरवडलं आणि त्याच्याच कापडाने पुसलं. थोड्याच वेळात झाकणावर तशीच राख चढली.

"हे गेल्या आठवड्यात दुकानातून आणलंय. यात कोण जळत होतं? माझा स्वयंपाक?"

रांगेतला वकील झाकण बघायला पुढे आला.

"या पाण्यात पाऱ्याचा क्षार आहे," ती लोकांकडे वळून म्हणाली. "ॲल्युमिनियमवर एक पातळ कवच असतं. ते खरवडून पारा लावला की कवच पुन्हा धरत नाही. धातू हवेत भराभर गंजतो, तापतो, आणि त्या गंजाला हा माणूस आत्मा म्हणतो. म्हणून तर आम्हाला विमानाजवळ पाऱ्याचा थर्मामीटरसुद्धा नेऊ देत नसत. तोच पारा तुम्ही चाटलात. ते विष आहे. ज्यांनी राख खाल्ली त्यांनी आत्ता दवाखाना गाठा."

बाबा श्रद्धेविषयी काहीतरी पुटपुटत मागच्या दाराकडे सरकला. दारात पाटी आणून देणारा मजूर आडवा उभा होता.

"बाटली इथेच ठेवा, बाबा. डॉक्टरांना दाखवायला लागेल."

"आणि घरी तुकडे असतील तर आणून द्या," मेकॅनिकबाई लोकांना म्हणाली. "घासू नका, पूजू नका. कोणी चमत्कार दाखवला तर रडण्याआधी विचारा, दुसऱ्या वस्तूवर करून दाखवतोस का? एवढंच विचारलं असतंत तर चाळीस तुकडे वाचले असते."

आत्या मात्र पाटी धरून तशीच उभी होती. "आणि नंबर दुसऱ्याच विमानाचा निघाला तर?"

"निघूही शकतो. खोटं कशाला सांगू? मग त्यात बसलेल्यांच्या घरच्यांना कळवायचं. त्यांच्यातही कोणाची तरी बहीण असेल."

आत्याने आकड्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि पाटी भाचीच्या हातात दिली.

"तीही नव्वदीचीच असेल," ती म्हणाली. "लवकर पाठव."