दहा गुणी आणि एक शेंडेफळ

कंपनीचे अकरा उपग्रह होते, एकेक पावाच्या डब्याएवढा. त्यांनी हवेतून आरपार येणारे रेडिओसंदेश वरून ऐकून तिच्यातला ओलावा मोजायचा आणि वहिनींनी ते आकडे तपासून हवामान खात्याकडे पाठवायचे. उपग्रह चालवायला शेजारच्याच टेबलावर त्यांची धाकटी नणंद. ती ‘वहिनी’ म्हणून हाका मारायची, म्हणून सगळी कंपनी, अगदी मालकसुद्धा, त्यांना वहिनीच म्हणत.

तर दहा उपग्रह भारी गुणी. अकरावा मात्र बाकीच्यांपेक्षा वर्षभर उशिरा वर गेलेला, मोठी अँटेना मिरवणारा आणि महाहट्टी. दहाजण खालची हवा दमट म्हणाले, की हा हमखास कोरडी म्हणणार. त्याचं नावच पडलं होतं शेंडेफळ. त्याचे आकडे वहिनी खात्याकडे पाठवतच नसत.

"शेंडेफळांना डोक्यावर बसवलं की हे असं होतं," वहिनी म्हणाल्या. नणंदही घरचं शेंडेफळच, त्यामुळे बाण बरोबर लागला.

"वहिनी, अगं त्याचे कान जास्त तिखट आहेत."

"कान तिखट आणि जीभ त्याहून!"

दुपारी चारला खात्याचे साहेब तीन महिन्यांच्या चाचणीचा निकाल द्यायला येणार होते; पसंत पडलं तर करार. मालकांनी ठरवून टाकलं होतं, साहेबांपुढे अकराव्याचं नाव काढायचं नाही आणि पाचला नणंदेने त्याला खाली उतरवायचं. खाली उतरवणं म्हणजे हवेत जळून राख. नणंदेने सकाळपासून जेवणाचा डबाही उघडला नव्हता. वहिनींना वाईट वाटत होतं, नाही असं नाही, पण आकड्यांपुढे नातीगोती चालत नाहीत असा त्यांचा खाक्या.

"ये इकडे, तुझी खात्रीच पटवते," म्हणत त्यांनी चौथ्या उपग्रहाचे मुळातले, हात न लावलेले आकडे अकराव्याच्या शेजारी उघडले. तीन किलोमीटरच्या खाली अकराव्याचे आकडे होते, चौथ्याचा रकाना रिकामा. त्यांनी दुसरा उघडला, रिकामा. नववा, तोही रिकामा.

वहिनींना एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, आलेख फाटका दिसू नये म्हणून त्यांनीच एक सोय केली होती. उपग्रहाला जिथे काही ऐकू येणार नाही, तिथे हवामान खात्याच्याच अंदाजातला आकडा भरायचा. तात्पुरता, बरं का! आता तात्पुरत्या गोष्टी किती दीर्घायुषी असतात हे काय सांगायला हवं? अकरावा वर गेला तेव्हा वहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, म्हणून त्याला तेवढी ही सोय लावायची राहून गेली.

म्हणजे दहा गुणी बाळं खात्याचीच री ओढत होती. आणि खातं खूश होऊन कळवत होतं, तुमचे आकडे आमच्या अंदाजाशी काय तंतोतंत जुळतात हो!

नणंदेला आधी हसू फुटलं, मग वहिनींचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "वहिनी, आज नको बोलूस. करार हातचा जाईल."

"आणि पाचला त्याला जाळशील तू?"



साहेब वेळेवर आले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी कौतुक सुरू केलं आणि मालक फुलत गेले. वहिनींना शरमेने कानकोंडं झालं. शेवटी त्या उठल्याच आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे तीन महिने आम्ही आमचीच पाठ थोपटत होतो?"

"हो. माझ्यामुळे."

"अहो, आमचे हवा मोजायला सोडलेले फुगे त्या खालच्या थरात महिनाभर कोरडी हवा दाखवताहेत. तुमच्या दहांच्या भरवशावर मी फुगे सोडणाऱ्यांना फैलावर घेतलंय!" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "खालच्या हवेचं खरं सांगणारे तुमच्याकडे आहेत तरी किती?"

"एक," वहिनी म्हणाल्या, "आणि तासाभरात आम्ही त्याला जाळणार होतो."